माइकवरून दिलेलं नाव

रतन ओव्हाळांच्या हातात माइक आला की माणूस बदलतो. आठवडाभर ते विश्रांतवाडीच्या बसवर कंडक्टर असतात आणि कंडक्टरला शोभेल इतकंच बोलतात. "पुढे सरका, पुढे काही वाघ बसलेला नाही." एवढं म्हटलं की झालं. पण रविवार उजाडला की चमकीचं लाल जॅकेट अंगात, डोळ्यांवर गॉगल, आणि स्वारी निघाली. आज वाघोली, पुढच्या रविवारी मांजरी, त्याच्या पुढच्या रविवारी लोणी काळभोर. जिथे टेनिस बॉल क्रिकेटची स्पर्धा, तिथे समालोचनाला रतनभाऊ. आणि काय तो आवाज हो. चेंडू अजून गोलंदाजाच्या हातात असतो आणि इकडे ऐकणारा खुर्चीतून उठलेला असतो.

हा आवाज त्यांना सापडला येरवड्यात, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत. मिसरूड फुटायच्या वयात कुणीतरी हातात माइक दिला आणि हरवलेल्या मुलांची नावं पुकारायला लावली. रतनने नुसती नावं पुकारली नाहीत. "निळा फ्रॉक, हातात फुगा, एका पायातली चप्पल कुठेतरी पडलेली, अशी एक राजकुमारी स्टेजपाशी आईची वाट बघते आहे," असं त्याने सांगितलं आणि अख्खी गल्ली ऐकत उभी राहिली. वडील सरकारी इस्पितळात वॉर्डबॉय, आई चंद्रभागा घरी शिलाई करणारी. घरात मोठ्याने बोलायची सवय कुणालाच नव्हती. त्या दिवशी जे पोरगं बोलायला लागलं, ते चाळिशी उलटून गेली तरी बोलतंच आहे.

समालोचक बाकीचेही आहेत, पण रतनभाऊंची एक खासियत. खेळाडू मैदानात उतरला की ते त्याचं नामकरण करतात. लोहगावचा एक भरभक्कम फलंदाज 'रोडरोलर' झाला, मुंढव्याचा एक डावखुरा 'उलटी गंगा' झाला. नाव एकदा माइकवरून पडलं की निघायचं नाही. रोडरोलरच्या लग्नपत्रिकेत ते कंसात छापलं होतं. खोटं वाटत असेल तर त्याच्या घरी जाऊन बघा, फ्रेम करून लावलीय. पोरं रतनभाऊंना चहा पाजायची, बिस्किटं आणून द्यायची आणि हळूच विचारायची, "भाऊ, मला काय नाव देणार?"

प्रज्ञेश रणपिसेने चहा पाजला नव्हता. लोणीच्या स्पर्धेतला पहिला सामना, येरवड्याचा संघ गोलंदाजी करत होता, आणि हा पोरगा चेंडू हातात घेऊन आपल्या रन-अपच्या टोकाला गेला. वय तेवीस-चोवीस, अंगाने काटक. केस सोनेरी रंगवलेले, कडेने बारीक कापलेले, कानात बाळी. सकाळी तिघंजण एकाच बाइकवर बसून आले होते आणि त्या बाइकच्या सायलेन्सरने अर्धी लोणी जागी केली होती. लोकांच्या नजरा आधीच त्याच्यावर होत्या. पहिला चेंडू, यष्टी उडाली. दुसरा चेंडू, दुसऱ्याची यष्टी उडाली. मैदान पेटलं. रतनभाऊंच्या अंगात संचारलं, डोक्यात काही यायच्या आधी जिभेवर आलं, आणि ते गरजले, "लोणीकर रसिकहो, थांबायचं नाव नाही, सिग्नल पाळायचा नाही, ही आली येरवड्याची छपरी एक्सप्रेस."

अरे बाप रे, काय हसले लोक. खुर्च्यांवर उभे राहून हसले. डीजेवाल्याने तेवढाच तुकडा पकडून पुन्हा पुन्हा वाजवला. छपरी, छपरी, छपरी एक्सप्रेस. प्रज्ञेशसुद्धा हसला. मान खाली घालून हसला, पण हसला, हे रतनभाऊंनी स्वतः बघितलं. संध्याकाळपर्यंत ती क्लिप गावभर आणि दोन दिवसांत पुणेभर. रतनभाऊंनी आयुष्यात दिलेलं सगळ्यात गाजलेलं नाव. डेपोत साहेबांनी बोलावून पाठ थोपटली. रतनभाऊ तो आठवडा असे चालत होते की बघत राहावं.

मग एका दुपारी त्यांच्या बसमध्ये पूर्वा चढली.

विशीतली मुलगी, खांद्यावर कॉलेजची सॅक. तिने डेक्कनचं तिकीट घेतलं, पण पुढे सरकली नाही. "काका, मी प्रज्ञेश रणपिसेची बहीण. एक विचारायचं होतं. छपरी म्हणजे काय?"

रतनभाऊंनी हसून वेळ मारून न्यायचा प्रयत्न केला. "अगं, लाडानं म्हटलं ते. आपल्याच येरवड्याचं पोरगं."

"लाडानं म्हटलंत, कळलं. म्हणजे काय, ते विचारतेय."

पुढच्या सीटवर एक आजी बसल्या होत्या, शनिवार पेठेतल्या आनंदी साठे, शाळेतून निवृत्त झालेल्या. पुण्यात बसमधल्या प्रश्नाला उत्तर द्यायला आमंत्रण लागत नाही. त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "छपरी म्हणजे पडवीवरचं उतरतं छप्पर. आमच्या वेळी तरी एवढंच होतं. शिवी केव्हा झाली, मला कल्पना नाही."

"तो अर्थ मला माहितीय, आजी. मला काकांचा पाहिजे."

आता बसचे कान टवकारले. दांड्याला लटकलेल्या एका मुलाने कानातला इअरफोन काढला. शौनक नाव त्याचं, गळ्यात एका मोठ्या कॉलेजचं ओळखपत्र. तो म्हणाला, "अगं, ते लगेच कळतं ना, वाइबवरून. केस कलर केलेले, गॉगल, बाइकवर ट्रिपल सीट, रील्स वगैरे."

"माझ्या वर्गात कोरेगाव पार्कचा एक मुलगा आहे," पूर्वा म्हणाली. "केस सोनेरी, कानात बाळी, दिवसाला दोन रील्स. बाइक अशी की वर्गात तास थांबतो. तो छपरी?"

"नाही, नाही, त्याचं वेगळं आहे. त्याचे केस प्रॉपर सलूनमधले असतील ना."

"अच्छा, म्हणजे पावती बघून ठरवायचं," खिडकीजवळच्या टोपीवाल्या गृहस्थांनी पेपरमधून मान वर न करता शेरा मारला. शौनकने इअरफोन परत कानात घातला.

पूर्वा रतनभाऊंकडेच बघत होती. तिने आवाज चढवला नाही. दादा एसी दुरुस्तीचं काम करतो, तिने सांगितलं. सोसायट्यांमध्ये घरोघरी जातो. त्या क्लिपनंतर एका वॉचमनने गेटवर तोच तुकडा गाण्यासारखा म्हणून दाखवला. एका मॅडमने दार उघडलं, त्याला ओळखलं, आणि दुसरा माणूस पाठवा म्हणून फोन केला. त्याने केस काळे करून घेतले, बाळी काढली, तरी फरक पडला नाही. जिथे खेळायला जाईल तिथे लोक टाळ्या वाजवून तेच म्हणतात. "रविवारी फायनल आहे, आणि तो जाणार नाही म्हणतोय. काका, तो लहानपणापासून फक्त खेळलाय. दुसऱ्या कशातच त्याचा जीव नाही. आता कामावरून आला की घरात बसून असतो."

बस वळणावर कलली. रतनभाऊंनी दांडा धरला. मग त्यांनी खरंच विचार केला, आणि अर्थ सापडला तेव्हा तो मोठ्याने बोलायला त्यांना लाज वाटली. "ज्याला परवडत नाही आणि तरी हौस करतो, त्याला म्हणतात," ते म्हणाले.

"मग हौस केली तर काय चुकलं?"

चुकलं काहीच नव्हतं. रतनभाऊंच्या डोळ्यांसमोर त्यांचं स्वतःचं चमकीचं लाल जॅकेट आलं. तुळशीबागेतून घेतलेलं, गॉगलसकट. तो शब्द त्या पोराला का लावला, हेही त्यांना त्या क्षणी लख्ख कळलं. लोणीच्या मांडवात सोफ्यांवर बसणाऱ्या बड्या लोकांनी हा शब्द येरवड्याच्या कुणालाही लावला असता, रतनभाऊंनाही. म्हणून त्यांनीच तो आधी दुसऱ्याला लावून टाकला आणि सगळ्यांबरोबर हसले. स्वतःचीच चीड आली त्यांना, अगदी तळपायाची आग मस्तकात गेली.

"त्याला म्हणावं, ये," ते म्हणाले. "मी दिलंय, मीच काढतो." डेक्कन आलं, पूर्वा उतरली, आणि रतनभाऊंच्या लक्षात आलं की दिलेलं नाव काढायचं कसं, हे त्यांना कधीच कुणी शिकवलेलं नाही. नका म्हणू म्हटलं तर लोक दुप्पट म्हणणार. गर्दी त्यांच्याइतकी कुणाला माहीत होती?

रविवार. लोणीचं मैदान माणसांनी ओसंडून वाहत होतं. चारी बाजूंनी गर्दी, झाडांवर पोरं, ट्रॉल्यांवर पोरं. मांडवात सोफे, सोफ्यांवर जाहिरातदार. ट्रॅक्टरच्या शोरूमवाले, मिसळवाले, सळई-सिमेंटवाले, सगळे कडक इस्त्रीत. यूट्यूबवर लाइव्ह चालू. आयोजक समाधान, गावातला धडपड्या गडी, घामाघूम होऊन इकडून तिकडे पळत होता. आणि प्रज्ञेश आला होता. काळे केस, टोपी डोळ्यांवर ओढलेली. पूर्वा माइकच्या मंचाखाली दोरीला टेकून उभी होती.

त्याने चेंडू हातात घेतला आणि रतनभाऊंनी आपला पहिला डाव टाकला. जुन्या नावावर नवं नाव चढवायचं. "येरवड्याचं वादळ, रसिकहो, हे निघालं येरवड्याचं..." पुढचा शब्द त्यांच्या तोंडातून निघायच्या आत हजारो लोकांनी पुरा केला. छप-री. छप-री. तालात टाळ्या. प्रज्ञेशचा पहिलाच चेंडू वाइड गेला, दुसराही वाइड. रतनभाऊंनी दम दिला, "मंडळी, हे बरं नाही, खेळाडूचा मान राखा." झालं. लोकांना ठाऊक झालं की इथे दुखतंय. आता तर बायकासुद्धा म्हणायला लागल्या. एका षटकात वीस धावा गेल्या. प्रज्ञेश सीमारेषेवर जाऊन उभा राहिला, त्याच्या पाठीमागे पोरं नाचत होती, आणि तो जमिनीकडे बघत होता. कप्तान त्याला पुन्हा चेंडू देईल असं कुणालाच वाटेना. पूर्वाने वर बघितलं. ती नजर रतनभाऊंना लागली.

त्यांनी डीजेवाल्याला हाताने थांबवलं. मग माइक तोंडाशी धरला आणि कसलाही नखरा न करता म्हणाले, "तो शब्द मी दिला होता. तो मी परत घेतोय. ज्यांना म्हणायचा असेल त्यांनी खुशाल म्हणा, पण मैदानातून तो ऐकू येतोय तोवर हा माइक बंद."

आणि खटका खाली. खुर्चीत बसले, हाताची घडी.

लोक हसले. आणखी जोरात ओरडले. पण काय होतं बघा, टेनिस बॉलचं क्रिकेट समालोचनाशिवाय म्हणजे आवाज गेलेला सिनेमा. लांबून चेंडू दिसत नाही. चौकार गेला की झेल गेला, कळत नाही. धावफलक एवढासा, तो मांडवाच्या तोंडाला. एक गडी बाद झाला तर अर्ध्या लोकांना पत्ता नाही. "किती झाले रं?" "कोण आऊट हाय?" एकमेकांना विचारायला लागले. यूट्यूबवर संदेशांचा पाऊस, आवाज येत नाही, आवाज येत नाही.

समाधान धापा टाकत आला. "भाऊ, आवं काय करताय? शोरूमवाले सोफ्यावर बसल्यात. त्यांचं नाव घ्यायचं हाय की."

"त्या पोराचं नाव घेऊ द्या आधी लोकांना."

"आवं, मिसळवाले उठून चाललेत."

"बसवा त्यांना. चहा द्या."

समाधानने मग गावातल्या एका गुरुजींच्या हातात दुसरा माइक दिला. सज्जन माणूस, शाळेत कविता छान म्हणायचे. ते म्हणाले, "गोलंदाजाने चेंडू टाकला. फलंदाजाने मारला. तो गेला." जरा थांबून म्हणाले, "परत आणला." लोकांनी अशी हुर्यो उडवली की गुरुजींनी माइक टेबलावर ठेवला आणि चष्मा पुसत निघून गेले. सळई-सिमेंटवाल्यांनी समाधानला बोट दाखवून जवळ बोलावलं. काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण समाधानचा चेहरा उतरला.

आणि मग लोणीकरांनी कधी पाहिलं नव्हतं ते पाहिलं. स्पर्धेचा आयोजक सीमारेषेवरून हात जोडून पळतोय. "गप बसा की रं, जाहिराती वाचायच्यात. पाया पडतो, गप बसा." ट्रॉलीवरच्या पोरांपुढे हात जोडले, झाडाखालच्यांपुढे जोडले. एका म्होरक्याला तर त्याने मामा म्हणून मिठी मारली. कुणाला माणुसकीचा उमाळा आला होता असं समजू नका. ट्रॅक्टरची जाहिरात अडली होती. पण मैदानाची एक बाजू गप झाली, मग दुसरी. एका कोपऱ्यातून कुणीतरी शेवटचं ओरडला तर त्याच्याच शेजारच्याने त्याला टपली मारली. "माइक चालू होऊ दे ना लेका."

रतनभाऊंनी खटका वर केला. आधी समाधानच्या जाहिराती वाचल्या, आणि अशा वाचल्या की ट्रॅक्टर घ्यावासा वाटावा. सामना तोपर्यंत अगदी गळ्याशी आला होता. शेवटचं षटक, समोरच्या संघाला नऊ धावा हव्या. कप्तानाने आजूबाजूला बघितलं, बाकीच्यांची षटकं संपली होती. त्याने चेंडू प्रज्ञेशकडे फेकला.

"शेवटच्या षटकासाठी," रतनभाऊ म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुठलंही विशेषण लावलं नाही, "प्रज्ञेश रणपिसे."

गर्दीत एक खसखस उठली, पण शब्द आला नाही. प्रज्ञेश धावला. यॉर्कर, यष्टीला जेमतेम चुकवून गेला, फलंदाजाला बॅट खाली आणायलासुद्धा वेळ मिळाला नाही. निर्धाव. "प्रज्ञेश रणपिसे, पहिला चेंडू, निर्धाव." दुसरा, तसाच, आणि मधली यष्टी मुळासकट गेली. मैदान उठलं. रतनभाऊ खुर्चीवरून उठले. "प्रज्ञेश, प्रज्ञेश, काय टाकलास रे बाबा." तिसरा चेंडू, बॅटची कड लागली आणि यष्टिरक्षकाच्या डोक्यावरून चौकार. आता तीन चेंडू, पाच धावा. चौथा पुन्हा निर्धाव, इतक्या वेगात की कॅमेरावाल्यालाही सापडला नाही. पाचवा, एक धाव, धावबाद होता होता वाचला. मैदानात कुणी खाली बसलेलं नव्हतं. मिसळवालेसुद्धा सोफ्यावर उभे. एक चेंडू, चार धावा. रतनभाऊंचा घसा बसत आला होता, तरी ते प्रत्येक पावलाला नाव घेत होते. प्रज्ञेश निघाला, प्रज्ञेश पंचांच्या जवळ आला, प्रज्ञेशने उडी घेतली.

पाय किंचित सरकला. चेंडू आखूड पडला. फलंदाजाने मागे जाऊन असा घुमवला की तो मिडविकेटवरून, ट्रॉलीवरून, थेट पलीकडच्या उसात.

समोरचा संघ नाचत मैदानात शिरला. येरवड्याची पोरं जिथे होती तिथेच बसली. प्रज्ञेश खेळपट्टीवर गुडघ्यांवर होता, टोपी खाली पडलेली. आणि रतनभाऊ धास्तावले, कारण गर्दी कशी असते ते त्यांना माहीत होतं. जिंकत असताना कुणीही गप बसेल. तो शब्द यायचा असेल तर तो आता येणार, हरलेल्या माणसावर, सगळ्यांकडून मिळून. त्यांनी दोरीकडे बघितलं. पूर्वाने डोळे मिटून घेतले होते.

झाडाखालून एक धोतरवाले म्हातारबा तावातावाने पुढे आले. दोरी ओलांडली, हातातली काठी उगारली आणि भांडायच्या आवाजात ओरडले, "आरं ए प्रज्ञेश, आखूड कशापायी टाकला रं?"

दुसऱ्या बाजूने कुणीतरी कपाळावर हात मारला. "यॉर्कर टाकायचा व्हता की, प्रज्ञेश. पाच टाकलंस, आन् सहावा सुचंना व्हय?"

"प्रज्ञेश, लेका, जीव काढलास आमचा."

मग सुटलेच सगळे. ट्रॉलीवरून, मांडवातून, झाडावरून. कुणी शिव्या घातल्या, कुणी चेंडू कसा धरायचा ते हवेत करून दाखवलं, आणि प्रत्येकाने आधी त्याचं नाव घेतलं. घरच्या पोराला झापावं तसं ते प्रज्ञेशला झापत होते. पूर्वाने डोळे उघडले. ती रडत होती आणि हसतही होती, आणि दोन्ही लपवायची तिला काही गरज वाटली नाही.

प्रज्ञेशने मान वर केली. समोर काठी उगारलेले म्हातारबा उत्तराची वाट बघत उभे होते. तो उठला, गुडघ्यांवरची माती झटकली आणि तितक्याच मोठ्याने म्हणाला, "पाय घसरला, बाबा."

"घसरतो कसा? बूट बदल."

"बदलतो."

रतनभाऊंनी माइक तोंडाशी नेला, सवयीने. पण बसक्या घशातून आवाज निघेना, आणि मैदानात एवढे लोक बोलत होते की त्याची कुणाला उणीवही भासली नाही.